वही मोबाइलात, पऱ्हाटी वावरात

आमच्याकडच्या कुठल्याही घरात एका वेळी चार कामं अर्धवट असतात: विहिरीवरची मोटार, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, स्लॅब आणि कुणाचं तरी लग्न. त्यांना शिस्त लावायला मोबाइलात डिजिटल वही घेतलेला माणूस मला लांबूनच ओळखू येतो. मोटार अजून विहिरीतच अडकलेली असते, पण वहीतल्या ‘मोटार’ विभागाला रंग कोणता द्यायचा हे त्याचं पक्कं ठरलेलं असतं.

वननोट हे मायक्रोसॉफ्टचं वहीचं ॲप. त्यात वही, वहीत विभाग, विभागात पानं, पानांखाली उपपानं. एवढे खण दिसले की माणूस ते भरायलाच बसतो. माझा हिशेब साधा: एका कामाला एक विभाग आणि त्यात तीनच पानं – ‘पुढे काय’, ‘खर्च’, ‘फोटो’. ‘किरकोळ’ नावाचा विभाग उघडू नका. आठवडाभरात सगळं घर तिथे राहायला जातं.

‘पुढे काय’ या पानावर नुसतं ‘मोटार’ लिहिणं म्हणजे काम लिहिणं नव्हे, दुखणं लिहिणं आहे. ‘बाजाराच्या दिवशी ५ एचपीचा स्टार्टर तालुक्याला दाखवणे’, असं लिहिलं तरच कुणीतरी उठतो.

खरी गंमत शोधताना. एकाने ‘मोटर’ लिहिलेलं, दुसऱ्याने ‘मोटार’, तिसऱ्याने ‘पंप’, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी ‘मशीन’. सॉफ्टवेअरच्या लेखी घरात चार यंत्रं! इंग्रजी आकड्यांत टाकलेली तारीख मराठी आकड्यांनी शोधली तर बहुतेकदा हाती काही लागत नाही. म्हणून एकच शब्द, एकाच पद्धतीचे आकडे. वावराच्या पानाला गट नंबरच द्या. ‘नाल्याकडचं वावर’ कोणतं, यावर दोन भावांचं एकमत झालेलं मी तरी ऐकलं नाही बाप्पा.

आता रेंज. वावरात बसून पानात खर्च लिहिला, तिथे नेटवर्क नाही. तेवढ्यात घरच्या कॉम्प्युटरवर पोराने त्याच पानावरची तीच ओळ बदलली. रात्री दोघांची गाठ पडते आणि वननोट एकाच पानाच्या दोन प्रती समोर ठेवतं: खरी कोणती, तुम्हीच सांगा. यावर उपाय म्हणजे जुनी ओळ खोडायची नाही. खाली तारीख आणि नावाचं आद्याक्षर टाकून नवी लिहायची. मोबाइलची बॅटरी बचतही त्या ॲपपुरती बंद ठेवा, नाहीतर मागच्या मागे सिंक, म्हणजे सगळ्या यंत्रांवरची वही सारखी ठेवणं, थांबतं. ऑब्सिडियन या दुसऱ्या वहीच्या ॲपमध्ये मजकूर साध्या फायलींत आपल्याच मोबाइलवर राहतो, रेंज लागत नाही. पण दोन मोबाइलांचा मेळ घालायचा तर एकतर पैसे मोजा, नाहीतर खटपट करा.

बियाण्याच्या बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. थर्मल कागदावरचं छापलेलं उन्हाने, घामाने पुसट होतं, आणि शर्टाच्या खिशात दोन्ही मुबलक. लॉट नंबरचा टॅगही फोटोत घ्या. खाली काय, किती, कधी हे टाइप करा. चित्रातली मराठी शोधात सापडेलच या भरवशावर राहू नका. सोयाबीन उगवलं नाही तर तक्रारीला मूळ बिल, टॅग, पिशवी आणि थोडं बियाणंही लागतं, तेव्हा फोटो काढला म्हणून पिशवीची गोणपाटाखाली रवानगी करू नये. वननोटची वही साठते त्या मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबी. ४ एमबीचा एक फोटो धरला तर साधारण साडेबाराशे फोटो, म्हणजे एका लग्नातच काम तमाम.

पुसलेलं पान वननोटच्या कचरापेटीत ६० दिवस थांबतं, गूगलच्या कीप या नोंदींच्या ॲपमध्ये ७. जूनमध्ये लावलेल्या कपाशीचा पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा बिलाचं पान पुसायची घाई करायची नाही. हंगाम संपला की प्रत्येक विभागाची पीडीएफ काढून पेनड्राइव्हवर टाका.

मजुरीची नोंद मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवरच राहू द्या. निंदणाच्या बाया तिथे स्वतः बोट ठेवून म्हणतात, “भाऊ, हा गुरुवार राहिला नं!” त्याला पासवर्ड लागत नाही.