"उडवा ना दादा!"

थंडीत नवऱ्याबरोबर भिगवणला पक्षी बघायला जावं, तर नावेतले शेजारी नावाड्याच्या मागे: "दादा, जवळ घ्या, उडवा ना, फ्लाइट शॉट पाहिजे!" अहो, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखलात उलटी चोच बुडवून पोट भरतायत, तुमच्या इन्स्टासाठी कवायत करायला आलेत का? उन्हाळ्यात सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तक पक्षी पाण्यावर उतरायच्या आत वीस कॅमेऱ्यांचा कडकडाट. पावसाळ्यात तर कहरच! मोबाइलवर नवरंग पक्ष्याची शीळ लावतात. ऐन विणीत तो बिचारा घरटं सोडून हद्द राखायला धावतो, आणि हे "आला, आला!" म्हणत नाचतात. नवरा हळूच म्हणाला, "आवाज बंद करता का जरा?" उत्तर काय? "नवीन दिसताय!" का? गळ्यात हातभर लेन्स नाही म्हणून?