अठराच्या जागी शून्य

एक्सचा घन. डेरिव्हेटिव्ह तीन एक्सवर्ग, पुन्हा काढला की सहा एक्स, आणि एक्स तीन असेल तर अठरा. बारावीचं पोर कागद न घेता सांगेल. माझी ऑटोमॅटिक डिफरन्सिएशनची, म्हणजे कोडमधल्या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह आपोआप काढून देणारी, लायब्ररी मात्र ठामपणे म्हणत होती, शून्य.

चुकायचंच तर सतरा यावं, एकोणीस यावं. भांडायला काहीतरी हाताशी असतं. शून्याशी काय भांडणार? ना एरर, ना वॉर्निंग.

लायब्ररीचं काम साधं. आकड्याला एप्सिलॉन नावाचा सूक्ष्म भाग जोडायचा, त्या एप्सिलॉनचा वर्ग शून्य धरायचा, शेवटी एप्सिलॉनचा गुणक उचलायचा. डेरिव्हेटिव्हच्या पोटात डेरिव्हेटिव्ह आला की दोघांचे एप्सिलॉन एकमेकांत मिसळतात. सिस्किंड आणि पर्लमटर या संशोधकांनी 2005 साली या घोळावर लिहिलंय. उपाय म्हणजे प्रत्येक वेळी एप्सिलॉनला नवा टॅग, जशी आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालून घेतात. तीही मी घातली होती.

पण माझ्या सहकारिणीला हौस दांडगी. तिने असं फंक्शन लिहिलं की यू द्या, मग एफ द्या, मग एक्स द्या. उत्तर एफ(एक्स अधिक यू). आणि यू शून्य असताना याचाच डेरिव्हेटिव्ह काढला. हातात आकडा नाही, फंक्शन आलं. तेही डेरिव्हेटिव्ह काढणारं! घन दिला, तीन एक्सवर्ग मिळाला. मी खूश. मग तिने ते त्याच्याच उत्तराला पुन्हा लावलं.

टॅग मिळाला होता तो फंक्शन जन्मलं तेव्हा, एकदाच. वापर दोनदा, नाव तेच. तीन अधिक एप्सिलॉन अधिक पुन्हा तोच एप्सिलॉन. आतल्याने दोघांचा मिळून गुणक उचलला, चोपन्न. बाहेरचा आपला एप्सिलॉन मागायला आला तर सगळं धुऊन नेलेलं.

“अरे, फंक्शनला फंक्शन देता येतं असं तूच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंयस ना?” ती. देता येतं, बाई. घरी जाऊ दे.

2019 च्या एका शोधनिबंधात याच शून्याची चिरफाड आहे. उत्तर फंक्शन असेल तर थांबायचं; त्याला एक्स मिळेपर्यंत डेरिव्हेटिव्ह काढायचाच नाही, म्हणजे दर वापराला टॅग नवा. तसं केलं, अठरा आले. फक्त आता दर वापराला बाहेरचा सगळा हिशेबही नव्याने होतो, त्यामुळे साहेबांचा निरोप आलाय की लायब्ररी संथ झाली.

आणि तिला हेच आता रिव्हर्स मोडमध्ये, म्हणजे उत्तराकडून उलटं मागे येत डेरिव्हेटिव्ह काढायच्या पद्धतीत, हवंय. शुक्रवारपर्यंत.