अड्ड्याला कुलूप, पण नाल आधीच वसूल

मला जुगारी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण माझ्या प्रत्येक डावातून हिस्सा उचलणाऱ्याला काय म्हणायचं, तेही त्याच दमात सांगा.

ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपवर पैसे भरून क्रिकेटची टीम लावायचा खेळ सरकारनं बंद केला. तेव्हापासून घरी-दारी, लग्नकार्यात, कटिंगच्या दुकानात एकच ऐकतोय. "बरं झालं बंद झालं ते, पोरं बरबाद होत होती." होत होती, मान्य. दुसऱ्याचे पैसे उसने घेऊन मेगा कॉन्टेस्टमध्ये एकाच मॅचला चाळीस-चाळीस टीम लावणारे मीही बघितलेत. बंद करायचं होतं तर पहिल्याच वर्षी करायचं होतं ना! इतकी वर्षं कोर्टात एक, कर खात्यात दुसरं, शेजारच्या राज्यात तिसरं, असा खेळ सरकारनंच मांडला. आणि हा सगळा गोंधळ चालू असताना पैसे मात्र एकदाही घ्यायचे राहिले नाहीत. अड्डा चालवणारा निदान नाल, म्हणजे प्रत्येक डावातला आपला हिस्सा, काढतो तर पोलीस आले की मागच्या दारानं पळायची सोय तरी करतो. इथे नालही ह्यांनीच घेतली आणि धाडही ह्यांनीच टाकली.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक खेळाडूची किंमत क्रेडिटमध्ये, शंभर क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू निवडायचे, खऱ्या मॅचमध्ये ते जसे खेळतील तसे गुण, कॅप्टनला दुप्पट, व्हाइस कॅप्टनला दीडपट, आणि एकोणपन्नास रुपयांची एंट्री. टॉस झाला, लाइनअप आली की मॅच सुरू होईपर्यंत धावपळ. वानखेडेवर दव पडणार का, चेपॉकला तिसरा स्पिनर खेळणार का, हे बघायचं. बस्स.

आता हे कौशल्य की नशीब? मला विचारू नका, न्यायालयानं सांगितलंय. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं सांगितलं, कौशल्य. २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं ड्रीम११ या टीम लावायच्या ॲपच्याच प्रकरणात सांगितलं, कौशल्य. जुगार नाही, सट्टा नाही, आणि जीएसटी लावायचा तो कंपनीच्या फीवर, सगळ्या रकमेवर नाही. नंतर राजस्थाननंही तेच सांगितलं. आपल्याकडे लागू असलेला जुगारबंदीचा कायदा १८८७चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातूनही सूट आहे, म्हणजे गोऱ्या साहेबालासुद्धा एवढा फरक कळत होता.

तसा हा घोळ आपल्याच घरचा म्हणायला हवा. १९४८ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यानं लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला, त्यात शब्दकोडी आली. शब्दकोडी! ते भांडण १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कौशल्य कुठं संपतं, जुगार कुठं सुरू होतो, याचा किस पाडायला तेव्हापासून सुरुवात झाली. अजून पडतोय.

मी नांदेडचा. मेव्हणा निजामाबादला असतो, त्यामुळे येणं-जाणं नेहमीचं. तेलंगणानं २०१७ मध्येच पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्य असो की नशीब. आंध्रनं २०२० मध्ये तेच केलं. त्यामुळे देगलूरच्या स्टँडवर बसून मी कायद्यानं कौशल्याचा खेळाडू. गाडीनं हद्द ओलांडली, मदनूर आलं, की मी गुन्ह्याच्या तयारीत असलेला इसम. ॲप लोकेशन बघायचं आणि तोंडावर सांगायचं की आपल्या राज्यात ही सेवा उपलब्ध नाही. टीम नांदेडमध्ये लावलेली असायची, पैसे आधीच गेलेले, लाइनअप यायची गाडी पलीकडे गेल्यावर, आणि मग ज्याला बाहेर बसवलंय तोच माझा कॅप्टन! बदलायचा कसा? बदलायचा नाही. मेव्हण्याच्या घरी चहा घेत बघत बसायचं. तिकडे नागालँडनं काय केलं, तर कौशल्याच्या खेळांना परवाना द्यायचा कायदा केला आणि त्यात टीम निवडायचे खेळसुद्धा धरले. एकच देश, एकच मॅच, तेच अकरा खेळाडू. एका राज्यात गुन्हा, दुसऱ्यात परवाना. आणि आमच्या महाराष्ट्रात? आमच्याकडे काहीच नव्हतं. या खेळासाठी ना बंदी, ना परवाना, ना तक्रार करायला एखादा अधिकारी. आपलं राज्य या बाबतीत भारी निवांत आहे. १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं नुसता कपाटात!

कायदा करायला वेळ नव्हता, पण हिस्सा घ्यायला होता. ११ जुलै २०२३ ला जीएसटी परिषदेची पन्नासावी बैठक झाली आणि ठरलं, २८ टक्के, आणि तेही पूर्ण रकमेवर. १ ऑक्टोबरपासून लागू. आधी काय होतं बघा: शंभर रुपयांच्या एंट्रीत कंपनीचा वाटा समजा पंधरा, तर त्या पंधरावर १८ टक्के, म्हणजे २ रुपये ७० पैसे. त्यानंतर वॉलेटमध्ये शंभर टाकले की २१ रुपये ८८ पैसे जीएसटीत आणि हातात ७८ रुपये १२ पैसे. अजून टीम लावलेली नाही, टॉससुद्धा व्हायचाय! आणि त्या नियमातली गंमत वाचा एकदा. पैसे न खेळता परत घेतले, तरी कराच्या हिशोबातून ते वजा होत नाहीत. म्हणजे मन बदललं तरी कर. कंपनीनं मग तेवढीच रक्कम बोनस म्हणून दाखवायला सुरुवात केली, जी खेळायला चालते पण काढता येत नाही. उपकारच की.

आणि हा २८ टक्क्यांचा दर कोणाचा? कॅसिनोचा, घोड्यांच्या शर्यतीचा. म्हणजे कोर्टात मी कौशल्यवान आणि जीएसटीच्या रांगेत गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पत्ते पिसणाऱ्याच्या शेजारी. बरं, २८ मधले १४ राज्याचे. मुंबईची कंपनी, नांदेडचा गिऱ्हाईक, म्हणजे माझ्या पैशातला तो वाटा थेट महाराष्ट्राच्या तिजोरीत. ज्यानं या खेळासाठी एक ओळीचा कायदा केला नाही, त्याच्या.

एवढं होऊन जिंकलातच, तर मग इन्कम टॅक्स. १ एप्रिल २०२३ पासून नवीन कलम, १९४बीए. पूर्वी दहा हजारांच्या आत टीडीएस, म्हणजे पैसे हातात यायच्या आधीच कापला जाणारा कर, नव्हता. ती मर्यादा गेली. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर थेट ३० टक्के. महिन्याला शंभर रुपयांपर्यंत मात्र कापणार नाहीत हं, एवढी दया ठेवली. तीस टक्के म्हणजे मोठा पगार घेणाऱ्याच्या सर्वात वरच्या टप्प्याचा दर. मेडिकलच्या दुकानात बारा हजारांवर काम करणारा पोरगा असो, त्याच्या पगारावर एक रुपया कर लागत नसो, ह्या कमाईला मूळ सूट नाहीच. एका ॲपवर दोन हजार कमावले आणि दुसऱ्यावर अडीच हजार घालवले, तरी दोन हजारांवर कर. घालवलेले तुमचे तुम्ही बघा.

पण खरी मेख आहे ३१ मार्चची. वर्ष संपताना वॉलेटमध्ये जी निव्वळ कमाई पडलेली असेल, तिच्यावर तुम्ही ती काढली नाही तरी ३० टक्के कापायचे. आता मला सांगा, ह्या देशात लोक टीम सगळ्यात जास्त कधी लावायचे? आयपीएलमध्ये. २०२५ची आयपीएल कधी सुरू झाली? २२ मार्चला. संपली कधी? ३ जूनला. म्हणजे सीझनचा पहिला आठवडा जरा बरा गेला, वॉलेटमध्ये चार पैसे दिसायला लागले, की सरकारचं वर्ष संपलं. तीस टक्के गायब. मग एप्रिल-मेमध्ये बाकीचे सगळे घालवा, त्या कापलेल्या पैशांशी त्याचा काही संबंध नाही, ते मागच्या वर्षातले. एका सीझनचे दोन आर्थिक वर्षांत दोन तुकडे! हे ज्यानं लिहिलं त्यानं क्रिकेटचं वेळापत्रक एकदा तरी बघितलं होतं का? की बघूनच लिहिलं?

पुढे रिटर्न. पगारदार माणूस बिचारा आयटीआर-१ भरतो, दहा मिनिटांचं काम. पण अशी कमाई असली की तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरायचा. कमाई किती ते विचारू नका, हसाल. टीडीएस कापला ३० टक्के, पण कर आहे उपकर धरून ३१.२ टक्के. म्हणजे वरचे १.२ टक्के आपण वेगळे द्यायचे. हजार रुपये जिंकलेल्या माणसानं बारा रुपयांसाठी दुसरा फॉर्म शिकायचा.

पिंपरी-चिंचवडच्या त्या फौजदाराची बातमी आठवते? ऑक्टोबर २०२३. टीम लागली, दीड कोटी जिंकले, टीव्हीवर झळकले, आणि आठवड्याभरात खात्यानं निलंबित केलं. सेवानियम मोडला असेल, वर्दीत मुलाखती द्यायच्या नव्हत्या, ते सगळं ठीक. पण हिशोब बघा ना: दीड कोटीतले पंचेचाळीस लाख कायद्यानं केंद्राचे. एका सरकारला त्या पैशात पाप दिसलं आणि दुसऱ्यानं त्याच पैशातून वाटा मोजून घेतला. आणि जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसलेल्या आपल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो. खरं असेल. पुढे त्यांचं खातं बदललं आणि कोणतं मिळालं? क्रीडा. फौजदाराला मात्र कोणी खातं बदलून दिलं नाही.

कंपन्यांसाठी मी रडत नाहीये. क्रिकेटपटू, हिरो, हिरोइनी सगळ्यांना जाहिरातीत उभं करायचं आणि शेवटी दोन सेकंदांत श्वास न घेता म्हणायचं, "यात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं." विड्रॉल अडकला की कस्टमर केअर म्हणजे "आपली समस्या आम्ही समजू शकतो" म्हणणारं यंत्र. त्यांना हजारो कोटींच्या नोटिसा गेल्या, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांचे वकील आहेत, ते बघतील. मला कुठला वकील?

आणि मग ऑगस्ट. २० तारखेला विधेयक लोकसभेत आलं, त्याच दिवशी गोंधळात मंजूर. २१ला राज्यसभा. २२ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो, नशीब असो की दोन्ही, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सत्तर वर्षं कोर्टांनी जो फरक कोरून कोरून ठरवला, तो तीन दिवसांत पुसला. आशिया चषकाला आपली टीम जर्सीवर प्रायोजकाचं नाव न लावता उतरली, कारण ते नाव होतं ड्रीम११ आणि त्याचा धंदाच बंद.

ठीक आहे म्हटलं. निदान एक काहीतरी ठरलं. बारा दिवसांनी, ३ सप्टेंबरला, जीएसटी परिषद पुन्हा बसली आणि ४० टक्क्यांच्या यादीत काय टाकलं? कॅसिनो, शर्यती, लॉटरी, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ! अरे, जे बंद केलंय त्याचा दर वाढवताय? गिऱ्हाईक कोण येणार, यमराज?

मांडवीत जहाजं तशीच उभी आहेत. महालक्ष्मीला घोडे पळतायत. महाराष्ट्र राज्याची स्वतःची लॉटरी आहे, तिच्या सोडतीत म्हणे कौशल्याचा प्रश्नच येत नाही. एकोणपन्नास रुपयांत घरी बसून टीम लावणाऱ्यापासून मात्र समाजाला धोका होता. आणि धोका गेला का? माझ्या व्हॉट्सॲपवर दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं, "भाऊ, आयडी पाहिजे का?" म्हणजे परदेशातली सट्ट्याची साइट, पैसे कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर, हिशोब त्याच्या वहीत. तिथे ना २८ टक्के, ना ३० टक्के, ना ३१ मार्च, ना पॅन कार्ड. हरलात तर पैसे गेले, जिंकलात तर नंबर बंद. जो पॅन देऊन, कर भरून खेळत होता तो घरी बसला आणि ज्यानं सरकारला कधी छदाम दिला नाही त्याचं दुकान जोरात.

परवा आमच्या सीएंचा फोन. "यंदापण आहे का हो तुमचं ते ऑनलाइनचं काही?" आहे म्हटलं, एप्रिल ते ऑगस्टचं. "मग आयटीआर-२च भरावा लागेल, त्याची फी माहितीये ना?"

माहितीये.