ओहोटी बघून जा!
अलिबागवरचा लेख झकास, पण कुलाबा किल्ल्याबद्दल ‘ओहोटीत चालत जाता येतं’ एवढ्यावर भागत नाही हो. आम्ही रावेरकडची माणसं, भरती-ओहोटी आमच्यासाठी पुस्तकातली. आमची तापीमाय समुद्राला मिळते तीही पार गुजरातेत! किल्ल्यातली गोड्या पाण्याची विहीर बघत आई रमली, निघालो तर पाणी गुडघ्याला. एका हातात चपला, डोक्यावर कळण्याच्या भाकरीचा डबा. शेवटी घोडागाडी केली.

आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणारी चुंबकीय वेधशाळा लेखातून कशी राहून गेली? मुंबईत विजेच्या ट्राम येणार, नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला आणली. आमच्या मास्तर भावाला किल्ल्यापेक्षा तिचंच कौतुक.