पिवळा दिवा लागलाय? बॉनेट उघडायची घाई करू नका

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की आधी एक गोष्ट लक्षात घ्या: तो लाल नाही. लाल असता तर बघितलं असतं. पिवळ्याला आपण चौकातसुद्धा थांबत नाही. मी त्या दिव्यावर बायकोची टिकली चिकटवली. रंग मॅचिंग नव्हता, पण आठवडाभर काही दिसलं नाही. आणि जे दिसत नाही ते झालेलंच नसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिवाय दसरा नुकताच झालेला. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बंपरला लिंबू-मिरची. एवढा बंदोबस्त केल्यावर गाडीला काही होईलच कसं?

मग एक दिवस गाडी झटके देऊ लागते. पिकअप जातो. पंपावर पेट्रोल भरायला बंद केलेली गाडी पुन्हा सुरू करायला दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा लागतो आणि मागचा रिक्षावाला तुमच्या खानदानाची चौकशी करतो. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, त्याच्या पोझिशन सेन्सरची तक्रार बहुधा अशीच सुरू होते. ती तीन महिने चालवायची असेल, तर पुढचं नीट वाचा.

हा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी काळ्या प्लास्टिकची वस्तू. इंजिनच्या हेडला बहुतेक एकाच दहाच्या बोल्टवर बसवलेली, मागे तीन वायरींचा कपलर (वायरी जोडायची खोबण). त्याचं काम समजायला फार अक्कल लागत नाही, ही खरी अडचण आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबायला आणि एकदा जळलेला धूर हाकलायला. तेवढ्यात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, दोन फेरे होतात, कॅमशाफ्टचा एक. क्रँकचा सेन्सर म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. बारा वाजले एवढं तो सांगतो. दुपारचे की रात्रीचे, हे त्याला ठाऊक नसतं. ते कॅमचा सेन्सर सांगतो. तो गप्प बसला की ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळत नाही, आता पानं वाढायची की अंथरुणं घालायची. काही गाड्या अंदाजाने निभावतात आणि उशिरा का होईना सुरू होतात. काही सरळ संप करतात.

एवढं समजलं की दुरुस्ती सोपी होते. तेव्हा हे लगेच विसरून जा.

पुढची पायरी, लक्षणं लक्षात ठेवू नका. माझी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवर अडखळायची, सरळ रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सगळ्यांना एवढंच सांगितलं, ‘गाडी त्रास देते.’ डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणायचं आणि पुढे ‘कुठे दुखतं’ विचारलं की रागवायचं, तसंच.

तशीच गाडी घेऊन घाटात जा. आम्ही वाईला सासुरवाडीच्या साखरपुड्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना तिसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागायचा, बोगदा परतीच्या वाटेवर होता. त्यामुळे शोभा व्हायची ती उघड्यावरच झाली. मागच्या सीटवर शालू नेसलेल्या दोन आत्या आणि मांडीवर श्रीखंडाचा डबा. मेहुण्याला फोन लावला. तो वाईत बसून म्हणाला, ‘दाजी, बॅटरी गेली असणार.’

आता सेल्फ पंधरा सेकंद खणखणीत फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, असला क्षुद्र विचार मनात आणू नका. मेहुण्याचा शब्द मोडून संसार होत नाही. नवी बॅटरी घ्या. जुनी परत दिल्यावर दुकानदार जी रक्कम वजा करतो, तिला फायदा समजा.

त्यानंतर गॅरेज. नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, तुमच्या घराजवळही ते आहे. तिथे गाडी सोडताना किल्लीबरोबर आपली विचारशक्तीही देऊन यायची. आधी प्लग बदलतील, मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडी साफ करतील, मग गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल पंपावर संशय घेतील. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस छान चालेल, कारण त्या दोन दिवसांत तुम्ही ती स्पीडब्रेकरवरून हळू नेत असता. मेकॅनिकला दोष देऊ नका. एकेक पार्ट बदलत गेलं तर कधी ना कधी नेमका पार्ट येतोच, हे शास्त्र लग्नाची स्थळं बघण्याइतकंच जुनं आहे.

चौथ्या खेपेला ते स्कॅनर लावतात. त्याचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली, तुमच्या गुडघ्याच्या जरासं वर असतं. इतकी वर्षं गुडघा त्यावर आपटत होता, तुम्हाला ते भोंग्याचं वाटत होतं. पडद्यावर कोड येतो, पी-०३४०. आणि मेकॅनिक जगातलं सगळ्यात लोकप्रिय निदान सांगतो: ‘साहेब, सेन्सर गेला.’

इथे जरा सावध राहा, कारण इथेच गाडी चुकून दुरुस्त व्हायचा धोका असतो. त्या कोडचं पूर्ण वाक्य वाचलंत तर त्यात ‘सर्किट’ असा शब्द सापडेल. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तीन वायरी, कपलर, फ्यूज आणि पार ईसीएमच्या पिनपर्यंतचा सगळा गोतावळा. ईसीएम बिचारा म्हणतोय, मला तिकडून नीट निरोप येत नाही. मामांचा फोन लागला नाही म्हणून आपण मामांच्या दहाव्याची तयारी करत नाही. रेंज नसेल म्हणतो. सेन्सरच्या नशिबात तेवढीही माया नाही. या कोडच्या भावंडांचंही तेच. निरोप येतो पण गणित जुळत नाही ते ०३४१, व्होल्टेज कमी ते ०३४२, जास्त ते ०३४३, येऊन-जाऊन असेल तर ०३४४. पाच वेगळ्या तक्रारी, पण गॅरेजात सगळ्यांचं मराठी भाषांतर एकच: सेन्सर गेला.

कोड दिसल्या दिसल्या उडवून टाका. सोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते. कोड पडला तेव्हा गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, आरपीएम काय होते, असा सगळा पंचनामा तिच्यात असतो, आणि कोडबरोबर तोही पुसला जातो. म्हणूनच म्हणतो, पंचनाम्याआधी जागा धुऊन काढलेली बरी. दिवा विझतो, तुम्ही खूश, पैसे दिले, घरी. सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर येईपर्यंत सगळं छान असतं.

आता सेन्सर आणायचा. पुण्यात नाना पेठेत काउंटरवर उभे राहिलात की पलीकडून विचारतात, ‘ओरिजिनल पाहिजे का चालणारा?’ या प्रश्नातलं तत्त्वज्ञान सोडून द्या आणि ‘चालणारा’ घ्या. तो चालला नाही की ओरिजिनल घ्या. तोही चालला नाही की डबा नीट बघा, ओरिजिनल हा शब्द किती प्रकारे लिहिता येतो ते कळेल. माझ्या कपाटात सध्या तीन सेन्सर आहेत. तिन्ही उत्तम.

बसवण्याचीही पद्धत आहे. नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं तर तो अलगद आत जातो. तुम्ही कोरडाच घाला. अडला की स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोन ठोके. ओ-रिंग चिरते, तिथून ऑइल पाझरतं आणि कपलरच्या आत उतरतं; पुढच्या बिघाडाची सोय आपल्या हातून व्हावी, यासारखं समाधान नाही. आणि तो दहाचा बोल्ट हाताने बसवून वर थोडासा ताण दिला तरी पुरतो, कारण हेड ॲल्युमिनियमचं. पण आपल्याकडे बोल्ट आवळला असं तोंडातून ‘हुं’ निघाल्याशिवाय मानत नाहीत. दुसऱ्या ‘हुं’ला आटे जातात. मग लेथवाला शोधा.

एवढं करूनही दिवा गेला नाही की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘टायमिंग चेन लूज असेल. इंजिन खोलावं लागेल.’ गंमत अशी की हे खरंही असू शकतं. वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन सैल पडते, कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडतो, आणि मग सोन्याचा सेन्सर बसवला तरी कोड परत येतो. सिग्नलची लहर पडद्यावर काढणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दोन्ही सेन्सरच्या लहरी एकाखाली एक लावल्या की इंजिन न खोलता कळतं. पण आपल्याकडे रोग आहे की नाही हे बघायला आधी पोट फाडायची पद्धत आहे. मी होकार देणारच होतो. मेकॅनिकच्या मावशीचं गावी वर्षश्राद्ध निघालं म्हणून वाचलो.

या सगळ्या काळात एक गोष्ट कटाक्षाने टाळा. तापकीर गल्लीत जाऊन साधा मल्टिमीटर घेऊ नका. घेतलात तर मोह होईल. कपलर काढाल, किल्ली ऑन कराल आणि मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावून लाल पिनने तीन पिना तपासाल. एकीवर पाच व्होल्ट (काही गाड्यांत बारा), एक अर्थिंगची (तिच्यासाठी मात्र लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी तिच्यावर, बाराच्या आसपास दिसले की अर्थिंग ठीक), तिसरी सिग्नलची. सप्लाय नसेल किंवा अर्थिंग नसेल तर सेन्सर कितीही बदला, उपयोग नाही, हे दोन मिनिटांत कळेल आणि गॅरेजवाल्याशी असलेला तुमचा जिव्हाळा संपेल. त्याहून वाईट म्हणजे कपलर परत लावून मागून पिन टेकवाल आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगाल. तीन वायरींचे सेन्सर बहुतेक हॉल इफेक्टवर (चुंबकाचा जोर बदलला की व्होल्टेज बदलतो, त्या करामतीवर) चालतात. १८७९ साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने शोधलेली गोष्ट. कॅमशाफ्टवरचा लोखंडी दात समोर आला की सिग्नल शून्य, दात गेला की पुन्हा पाच. मीटरवर आकडा नाचला तर सेन्सर जिवंत. एकाच जागी ठाण मांडून बसला तर संशयाला जागा आहे. म्हणजे जे आपण तीन महिने आणि तीन सेन्सर खर्चून शोधतो, ते जेवणाआधी उरकतं. मग जेवताना बोलायचं काय?

मीटर घेतलाच असेल तर तो चुकीचा वापरा. तीन वायरींच्या सेन्सरचा ओहम मोजा. ते मोजणं दोन वायरींच्या, चुंबक-कॉइलवाल्या सेन्सरला लागू पडतं. इथे येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. पण आकडा येतो, आपण मान डोलावतो, बघणाऱ्यावर छाप पडते.

मला हे सगळं कळलं ते कसं, तेही सांगतो. रविवारी सकाळी वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं. इंजिन चालूच होतं, कारण बंद करायची भीती. पाणी ओतून मग मागे घेताना तो वायरींच्या जुडग्याला लागला आणि इंजिन अडखळलं. हात काढला, पूर्ववत. पुन्हा मगाने हलकेच ढकललं. अडखळलं. असा मी आंघोळीचा निळा मग हातात धरून पाच मिनिटं उभा होतो. वरच्या मजल्यावरून सेक्रेटरींनी विचारलं, ‘गाडीला आंघोळ का?’

वायरींवरची काळी, वळ्यावळ्यांची नळी बाजूला केली. आत तीन वायरी. दोघींचं कातडं कुरतडलेलं आणि तिसरी तुटून तांब्याच्या दोन केसांवर नुसती टेकलेली होती. इंजिन हललं की दोन टोकं सुटायची, स्थिरावलं की टेकायची. खाली प्लास्टिकच्या कोनाड्यात उंदराने संसार थाटलेला. शेंगांची टरफलं, बॉनेटच्या अस्तराचा कापूस आणि गादीसारख्या अंथरलेल्या सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याचा आमचाच हार. बंपरची मिरचीही नेली होती, पण ती खाल्ली नव्हती. बाजूला ठेवली होती.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, वायरी सोल्डर करून घेतल्या, वर स्लीव्ह चढवली, नवी नळी. स्लीव्हचे दहा रुपये झाले. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळायचा सल्ला तिघांनी दिला होता. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक पाघळतो आणि महिन्याभरात सगळं पुन्हा उघडं पडतं, तेव्हा हौस असेल तर तेही करून बघा. कोड उडवला. तो परत आला नाही. टिकली काढली, तर डिंकाचा गोल तेवढा राहिला आहे.

आता बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधली आहे. सगळे सांगतात, तंबाखूच्या वासाने उंदीर येत नाहीत. आमच्या वॉचमनने मात्र दोनदा बॉनेट उघडायला मागितलंय.

परवा रात्री वाईहून मेहुण्याचा फोन आला. सुरूर फाट्यावर अडकला होता. पिवळा दिवा, झटके, सेल्फ नुसताच फिरतोय. ‘दाजी, काय झालं असेल हो?’

मी म्हटलं, ‘बॅटरी.’