गोळी सोडून नाचू नका

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय : "पार्किन्सन्सवर रामबाण! रोज अर्धा तास गाण्यावर नाचा. डोपामाइन आपोआप तयार होतं. २१ दिवसांत थरथर बंद, गोळ्या बंद. अमेरिकेत सिद्ध झालंय." तो वाचून बाबांनी दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांना कुशीवरही वळता येईना. म्हणून हे लिहितेय.

डोपामाइन म्हणजे मेंदूतलं, हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन. आवडतं गाणं ऐकताना ते स्रवतं, हे खरंच. पण या आजारात ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. थरथर दिसू लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते. एकाएकी थांबवली तर अंग लाकडासारखं ताठरतं, क्वचित जोराचा ताप येऊन जिवावरही बेततं.

राहिलं अमेरिकेचं. तिथे सेंट लुइसमध्ये ६२ रुग्णांचे दोन गट करून एकाला वर्षभर, आठवड्यातून दोनदा, तासभर टँगो शिकवला. निष्कर्ष २०१२ साली छापून आले : नाचणाऱ्यांच्या हालचाली आणि तोल सुधारला, दुसऱ्या गटाचा नाही. तपासणी मात्र गोळीचा असर उतरल्यावर केली होती. कुणीतरी त्याचाच अर्थ 'गोळ्यांची गरज नाही' असा लावला असावा. पण ती अट तपासणीपुरती होती, औषधं कुणी सोडली नव्हती. आणि आजार बरा झाला, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तरीही ताल काय करतो, ते मी रोज बघते. लिफ्टच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटतात. हाताला धरून ओढलं की आणखीच. मग आई शेजारी उभी राहून टाळीवर "ज्ञानोबा माऊली तुकाराम" धरते. दुसऱ्या-तिसऱ्या टाळीला टाच सुटते, पाऊल पावलीचं पडतं आणि बाबा आत जातात. एरवी आपोआप पडणाऱ्या पावलाला आतून मिळणारा इशाराच या आजारात अडतो. बाहेरून ठोका मिळाला की मेंदू दुसरी वाट धरतो.

"म्हातारी माणसं पडतील, नाचवू नका," असंही कुणी ग्रुपवर लिहिलंय. भीती रास्त आहे, पण बसवून ठेवलं तर अंग आणखी आखडतं. ज्यांचा तोल जातो त्यांनी खुर्चीत बसून हातपाय हलवावेत.

आमच्याकडे पावली साडेनऊला असते, आठची गोळी लागू पडल्यावर. पायपुसणं गुंडाळून ठेवतो, बाबांच्या मागे जड खुर्ची, आईच्या हातात टाळ. बिल्डिंगमधलं कुणी येणार असेल तर जरूर या, सकाळची गोळी घेऊन.