शिळं पाणी आणि चार बोटं

आज सहाव्या दिवशी नळाला पाणी आलं आणि शेजारच्या काकूंनी पिंपात उरलेलं दोन हंडे पाणी मोरीत ओतून दिलं. का, तर म्हणे शिळं झालं. माझ्या पोटात तुटलं, म्हणून लिहितेय.

माण तालुक्यातल्या बायकांना पाण्याची किंमत सांगणारी मी कोण? टँकरमागे मीही पळालेय. पण झाकलेलं, हात न लागलेलं पाणी चार-सहा दिवसांत नासत नाही हो. उलट सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत घर आजारी पाडू शकतं, कारण आपण त्यात बोटं घालतो.

आज आपापल्या घरात बघा. पिंपाच्या झाकणावर तांब्या असतो. तहान लागली की झाकण सरकवायचं, तांब्या काठाला धरून बुडवायचा. चार बोटं पाण्यात. पिंप निम्म्यावर आलं की मनगटापर्यंत हात आत. शेण काढून आलेला, लेकराचं ढुंगण धुऊन आलेला, सगळे हात त्याच पाण्यात.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना जुलाबानं इतका सुकला की डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. सलाईन लावावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कशानं काढता?" मी म्हटलं, नळाचंच आहे, पावडर टाकलेलं. ते म्हणाले, "कुठलं ते नाही विचारलं. कशानं काढता?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी रांजणाला लांब दांड्याचं ओगराळं असायचं. रांजणात हात घालायची कुणाची टाप नव्हती." रांजण गेला, प्लास्टिकचं पिंप आलं, त्यात ओगराळंही गेलं.

टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरचा, वास आला की आपण नाक मुरडतो. पण नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं, ते पुढच्या घाणीशी लढायला. बोटांची घाण मारण्यात ते खर्ची पडतं, राहिलेलं हळूहळू उडून जातं. मग जुलाब, टायफॉईड, कावीळ यांना दार उघडंच.

बॅरलचं वेगळं. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंडी घालतो ती पाण्याच्या वर, कडेला चिकटवून. बॅरल कोरडं पडलं तरी ती कित्येक महिने जगतात. नुसतं खळबळून काही होत नाही, कड घासावीच लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, पण सहा दिवसांनी नळ येणाऱ्यानं तो पाळायचा कधी? आम्ही नळाच्या आदल्या संध्याकाळी पाळतो. उरलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून कळशांत घेतो, बॅरल घासून पालथं घालतो. गाळलेलं धुण्याला, जनावरांना. मोरीत एक थेंब नाही.

दहिवडीच्या बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आणून खिळ्याला टांगलंय. मुलगा आता पाहुण्यांनाही अडवतो, "हात नको, ओगराळ्यानं घ्या."

तसंच एक काकूंसाठीही आणलंय. संध्याकाळी देऊन येते.